इंजिन मागे का असतं?

मेट्टुपाळयमच्या फलाटावर सकाळी सातच्या सुमारास उटीची गाडी लागलेली असते. पहिल्यांदा आलेले प्रवासी इंजिनासोबत फोटो काढायचा म्हणून घाईघाईने गाडीच्या पुढच्या टोकाला जातात, आणि तिथे इंजिनच नसतं. पुढे असतो एक साधा डबा, त्याच्यासमोर मोकळे रूळ आणि त्यांच्यापलीकडे निलगिरीचा डोंगर. इंजिन सापडतं ते शेवटच्या डब्याच्या मागे, डब्यांना टेकून उभं असलेलं.

मग एकेक प्रश्न सुरू होतो. इंजिन मागे का? जेमतेम ४६ किलोमीटर जायला पावणेपाच-पाच तास का? मधेच, जिथे कुणी चढत-उतरत नाही अशा जंगलात गाडी का थांबते? आणि देशातल्या बहुतेक गाड्या विजेवर धावत असताना इथे अजून वाफेचं इंजिन का?

‘परंपरा म्हणून’ हे उत्तर सोपं आहे आणि थोडं खरंही आहे. दार्जिलिंगच्या गाडीला १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला, २००५ मध्ये निलगिरीची ही गाडी आणि २००८ मध्ये कालका-शिमला त्यात आली. पण इंजिन मागे जोडण्याशी किंवा जंगलात थांबण्याशी वारशाचा काही संबंध नाही. या चारही गोष्टींचं मूळ एकाच ठिकाणी आहे : चढ. हा चढ नीट समजला की गाडीतली प्रत्येक विचित्र वाटणारी गोष्ट आपोआप जागेवर बसते. म्हणून या प्रकरणात आपण गाडीबरोबर खालून वर जाऊ, आणि जिथे जो प्रश्न पडतो तिथे तो सोडवू.

१. चढ म्हणजे किती चढ?

मेट्टुपाळयम समुद्रसपाटीपासून ३२६ मीटरवर आहे आणि उटी २,२०३ मीटरवर. पण हा चढ सारखा वाटलेला नाही. पहिले आठ किलोमीटर, कल्लार स्टेशनपर्यंत, गाडी सुपारीच्या बागांमधून जवळजवळ सपाटीवर जाते. खरा डोंगर कल्लारला सुरू होतो. तिथून कुन्नूरपर्यंतच्या वीस किलोमीटरमध्ये गाडी सुमारे १,३०० मीटर वर चढते.

रेल्वेत चढ मोजायची रीत सोपी आहे. किती मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर जातो, एवढंच सांगायचं. कर्जतहून लोणावळ्याला चढताना भोर घाटात सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरला एक मीटर, म्हणजे १:३७ आहे. मोठ्या रुळांच्या रेल्वेसाठी हा चढ एवढा कठीण की कर्जतला गाडीच्या मागे जास्तीची ‘बँकर’ इंजिनं जोडून गाडी वर ढकलावी लागते. नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीचा चढ १:२० पर्यंत जातो. कल्लार-कुन्नूर टप्प्यात हाच आकडा १:१२ आहे.

किलोमीटरच्या भाषेत सांगायचं तर भोर घाटात गाडी एका किलोमीटरला २७ मीटर चढते, माथेरानला ५० आणि निलगिरीत ८३.

इथे शंका येईल : डोंगराला वळसे घालत लांबून का नाही नेला रूळ? दार्जिलिंगची गाडी १८८१ पासून तशीच जाते. जिथे वळायला जागा नाही तिथे ती मागेपुढे करत इंग्रजी झेडच्या आकारात चढते. माथेरानलाही १९०७ मध्ये नागमोडी वळणं घेतच रूळ वर नेला. निलगिरीत मात्र हा हिशोब परवडत नव्हता. भोर घाटाच्या चढाने १,३०० मीटर चढायचे तर १,३०० गुणिले ३७, म्हणजे ४८ किलोमीटर रूळ लागला असता. तोही कड्यात, सुरुंग लावून आणि दऱ्यांवर पूल बांधत. वीस किलोमीटरचा मार्ग तयार करतानाच दमछाक झाली. या रेल्वेची कल्पना १८५४ मध्ये मांडली गेली, काम १८९१ मध्ये सुरू झालं, कुन्नूरपर्यंत गाडी पोहोचली १८९९ मध्ये आणि उटीला १९०८ मध्ये. आजही या ४६ किलोमीटरमध्ये २०८ वळणं, १६ बोगदे आणि २५० पूल आहेत. एवढं करूनही चढ १:१२ च्या खाली आणता आला नाही.

२. लोखंडी चाक घसरतं केव्हा?

आता १:१२ चा चढ साध्या रेल्वेला का जमत नाही ते पाहू. रेल्वेची सगळी मजा गुळगुळीतपणात आहे. पोलादी चाक पोलादी रुळावरून इतक्या कमी विरोधाने घरंगळतं की सपाटीवर एकच इंजिन हजारो टन माल ओढू शकतं. पण हाच गुण चढावर अवगुण होतो. इंजिन पुढे सरकतं ते चाकाने रूळ पकडून ठेवल्यामुळे. ती पकड सुटली की चाक जागच्या जागी गरगर फिरतं.

ही पकड किती असते? रूळ कोरडा असेल तर चाकावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढी. रूळ दवाने, पावसाने किंवा कुजलेल्या पानांनी बुळबुळीत झाला की ती दहाव्या हिश्शापर्यंत खाली येते.

एक उदाहरण करून पाहू. हिशोबाच्या सोयीसाठी इंजिन ५० टनांचं आणि डबे मिळून ५० टनांचे, म्हणजे सगळी गाडी १०० टनांची धरू. १:१२ च्या चढावर ही गाडी वजनाच्या बाराव्या हिश्शाएवढ्या जोराने खाली ओढली जाते, म्हणजे ८.३ टन. एवढा जोर इंजिनाने नुसतं जागेवर टिकून राहण्यासाठी लावायचा. आता ५० टनांच्या इंजिनाची पकड बघा : कोरड्या रुळावर १२.५ टन, ओल्या रुळावर ५ टन. कोरड्यात जमलं, ओल्यात पाय घसरला. भोर घाटात हीच गाडी १:३७ वर फक्त २.७ टनांनी खाली ओढली जाते, म्हणून तिथे ओल्या रुळावरही ती निभावून नेते.

निलगिरीला दोन मोसमी पावसांचा मारा बसतो, आणि कल्लार-कुन्नूर मार्ग दाट जंगलातून जातो. तिथे रूळ कोरडा असेल या भरवशावर रेल्वे चालवणं शक्य नव्हतं. चाकाच्या पकडीखेरीज आणखी काहीतरी आधार हवा होता.

३. मधला दातेरी रूळ

कल्लार सोडताना खिडकीतून खाली पाहिलं तर दोन रुळांच्या बरोबर मध्ये तिसरी वस्तू दिसू लागते. शेजारी शेजारी बसवलेल्या दोन पोलादी पट्ट्या, वरच्या बाजूने करवतीसारख्या दातेरी. इंजिनाच्या पोटाखाली दातेरी चाकं असतात, त्यांचे दात या पट्ट्यांच्या दातांमध्ये अडकतात. आता इंजिन घर्षणावर अवलंबून राहत नाही. दात मोडल्याखेरीज ते मागे घसरूच शकत नाही.

पण पट्ट्या दोन का? आणि बारकाईने पाहिलं तर त्यांचे दात एकमेकांसमोर नसून आगेमागे आहेत. एका पट्टीचा दात आहे तिथे दुसरीची खाच आहे. ही युक्ती रोमान आब्ट या स्विस अभियंत्याची. विहिरीतून भरलेली घागर दोराने वर ओढताना आपण दोन्ही हात एकदम सोडत नाही. एका हाताची पकड सुटण्याआधी दुसऱ्या हाताने दोर धरलेला असतो, म्हणून घागर हिसके न खाता वर येते. आब्टच्या पट्ट्या तेच करतात. दातेरी चाकाचा एक दात खाचेतून बाहेर पडत असतो तेव्हा शेजारच्या पट्टीत दुसरा दात पक्का बसलेला असतो. पकड कधीच तुटत नाही, आणि दात दातावर आपटत नसल्यामुळे गाडीला धक्केही कमी बसतात.

साध्या रुळावरून दातेरी रुळावर शिरायची जागा मात्र नाजूक असते. फिरतं चाक आणि स्थिर पट्टी यांचे दात पहिल्याच फटक्यात जुळतील याची खात्री नसते. म्हणून पट्टीचं पहिलं टोक स्प्रिंगांवर बसवलेलं असतं. दातावर दात आला तर पट्टी किंचित दबते आणि चाक पुढे सरकून खाचेत बसतं. चालक तिथे गाडीचा वेग माणूस चालतो तेवढा ठेवतो. डब्याखालून एक खडखडाट येतो, हलका धक्का बसतो, आणि मग एकसुरी घरघर सुरू होते. ती घरघर म्हणजे दात लागल्याची खूण.

दातेरी टप्प्यात वेगाची मर्यादा ताशी १३ किलोमीटर आहे. पूर्ण प्रवासाची सरासरी काढली तर ताशी दहाच्याही आतच भरते. ‘दिल से’ चित्रपटातलं ‘छैय्या छैय्या’ गाणं चालत्या गाडीच्या टपावर नाचून चित्रित झालं, ती गाडी हीच. ती या वेगाने चालते म्हणूनच ते शक्य झालं.

४. पाण्यातून जोर कसा निघतो?

एक लिटर पाण्याची वाफ केली तर नेहमीच्या हवेच्या दाबाला ती सुमारे १,७०० लिटर जागा व्यापते. वाफेचं इंजिन चालतं ते या फुगण्यावर. वाफेला फुगायला जागाच दिली नाही तर तिचा दाब वाढत जातो, आणि ही कोंडलेली वाफ जिथे वाट मिळेल तिथे जोराने ढकलते.

इंजिनाचा लांबट गोल देह म्हणजे बॉयलर. त्याच्या मागच्या टोकाला भट्टी असते. भट्टीतला गरम धूर सरळ धुराड्यात जात नाही. बॉयलरच्या पाण्यातून गेलेल्या असंख्य नळ्यांमधून तो पुढे जातो आणि जाता जाता पाणी तापवतो. बंद बॉयलरमध्ये पाणी १०० अंशांना उकळत नाही. दाब दहापट असेल तर ते १८० अंशांना उकळतं. ही दाबाखालची वाफ सिलिंडरमध्ये सोडली की ती आतला दट्ट्या ढकलते. दट्ट्या पुढेमागे होतो, दांड्यांमार्फत ती हालचाल चाकाकडे जाते आणि चाक फिरतं.

काम संपलेली वाफ इंजिन धुराड्यातून बाहेर फेकतं. ‘भक भक’ आवाज येतो तो या वाफेचा. पण ती धुराड्यातून सोडण्यामागे एक फार सुंदर विचार आहे. जोरात वर जाणारी वाफ सोबत नळ्यांमधला धूर ओढून नेते, त्यामुळे भट्टीत बाहेरची ताजी हवा खेचली जाते आणि आग फुलते. चढ वाढला की इंजिन जास्त वाफ वापरतं. जास्त वाफ धुराड्यातून गेली की आग अधिक पेटते आणि आणखी वाफ तयार होते. जेवढं काम, तेवढी आग. हे नियंत्रण करायला कोणताही वेगळा पंखा किंवा यंत्र लागत नाही.

५. एकच वाफ, दोनदा कामाला

निलगिरीची इंजिनं ‘एक्स’ वर्गाची म्हणून ओळखली जातात. स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्याने ती १९१४ ते १९२५ या काळात आणि पुन्हा १९५२ मध्ये बनवून पाठवली. त्यांच्या बाजूला उभं राहिलं तर दोन सिलिंडर एकावर एक बसवलेले दिसतात. दुसऱ्या बाजूला तसेच दोन, म्हणजे एकूण चार. खालची जोडी साधी चाकं फिरवते, वरची जोडी दातेरी चाकं.

कल्लारपर्यंत फक्त खालची जोडी काम करते. वाफ तिथे दट्ट्या ढकलते आणि धुराड्यातून निघून जाते. दातेरी रूळ सुरू झाला की चालक झडप फिरवतो. मग खालच्या सिलिंडरमधून निघालेली वाफ बाहेर न जाता वरच्या सिलिंडरमध्ये शिरते. तिचा दाब कमी झालेला असतो, पण फुगण्याची ताकद अजून शिल्लक असते. त्या उरलेल्या ताकदीवर दातेरी चाकं फिरतात. म्हणजे चढावर दुप्पट यंत्रं चालू होतात, पण वाफ दुप्पट लागत नाही.

हे डोळ्यांनीही बघता येतं. दातेरी टप्प्यात एखाद्या वळणावर मागे वाकून पाहिलं तर खालच्या दांड्या संथ चाललेल्या असतात आणि वरच्या दांड्या भराभर, त्याही उलट्या दिशेने फिरत असतात. वरच्या जोडीचा जोर गिअरमधून दातेरी चाकांकडे जातो, म्हणून दिशा आणि वेग दोन्ही बदलतात.

६. जंगलात थांबायचं कशाला?

दातेरी टप्प्यातल्या हिलग्रोव्हला गाडी थांबते तेव्हा उतरणारं कुणी नसतं. प्रवासी पाय मोकळे करतात, चहा घेतात, माकडांपासून हातातला वडा सांभाळतात. तिकडे मागे इंजिनाचे कर्मचारी पाण्याचा जाडजूड नळ फिरवून टाकीत सोडतात आणि लांब नळीच्या बुधलीने दांड्यांच्या सांध्यांत तेल घालत फिरतात.

पाणी एवढं का लागतं? पुन्हा १०० टनांची गाडी घेऊ. ती १,३०० मीटर उंच उचलायला साधारण ३५० युनिट विजेइतकी ऊर्जा लागते. एखादं साधं घर तेवढ्या विजेवर दोन-तीन महिने चालतं. चांगल्या कोळशाच्या ५० किलोंमध्ये एवढी ऊर्जा असते. पण वाफेचं इंजिन इंधनाच्या उष्णतेतले शंभरातले पाच-सहा भागच कामाला लावू शकतं, बाकी उष्णता धुरातून आणि वाफेतून निघून जाते. त्यामुळे ५० किलोंऐवजी जवळजवळ एक टन कोळसा जाळावा लागतो. आणि एक किलो कोळसा सहा-सात लिटर पाण्याची वाफ करतो. म्हणजे सहा-सात हजार लिटर पाणी!

एवढं सगळं पाणी खालूनच भरून आणलं तर त्याचंही वजन डोंगरावर चढवावं लागेल. त्यापेक्षा वाटेत थोडं थोडं घेणं शहाणपणाचं.

आता यातली काही इंजिनं कोळशाऐवजी तेलावर चालतात. आग तेलाची असली तरी वाफ पाण्याचीच, त्यामुळे थांबे चुकत नाहीत.

७. आणि इंजिन मागे का?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. गाडी वर ओढत नेली आणि १:१२ च्या चढावर डब्यांची जोडणी तुटली, तर डबे सुटून थेट उतारावरून खाली धावतील. इंजिन खालच्या बाजूला असेल तर काहीही तुटलं तरी डबे इंजिनालाच टेकून राहतात, आणि इंजिनाचे दात तर रुळात रुतलेलेच असतात. इंजिन म्हणजे इथे पाचर आहे, चाकाखाली लावतात तशी.

पण मग चालकाला पुढचं दिसणार कसं? त्यासाठी प्रत्येक डब्याच्या टोकाला लहानसा सज्जा असतो आणि त्यावर ब्रेक सांभाळणारा माणूस उभा असतो. सर्वांत पुढच्या सज्ज्यावरचा माणूस वळणापलीकडची वाट बघतो. दरड पडलेली आहे का, रुळावर हत्ती आहेत का. हिरव्या किंवा लाल निशाणाची खूण डब्याडब्यातून मागे चालकापर्यंत पोहोचते. गरज पडली की प्रत्येक जण आपापल्या डब्याचा ब्रेक आवळतो.

प्रवाशांच्या दृष्टीने याचा फायदा असा, की सर्वांत पुढच्या डब्यात ना धूर ना काजळी, आणि समोर सगळी दरी उघडी.

८. कुन्नूरला वाफ का सुटते?

कुन्नूरला दातेरी रूळ संपतो आणि बहुतेक वेळा वाफेचं इंजिन बाजूला होऊन डिझेल इंजिन लागतं. पुढच्या अठरा किलोमीटरमध्ये सुमारे ४९० मीटरच चढायचे असतात, म्हणजे सरासरी भोर घाटाएवढा चढ. मधे एखाद्या ठिकाणी तो १:२३ होतो, तरी साधी चाकं तो पेलतात. वेलिंग्टन, अरुवनकाडू, केट्टी, लव्हडेल ही स्टेशनं चहाच्या मळ्यांमधून आणि निलगिरीच्या झाडांमधून मागे पडतात आणि दुपारी बाराच्या सुमारास उटी येतं.

मग डिझेल इंजिनच थेट खालून का नेत नाहीत? कारण दातेरी रुळावर चालणारं डिझेल इंजिन बाजारात तयार मिळत नाही. मीटर गेजचे रूळ, आब्टच्या पट्ट्या, १:१२ चढ, या तिन्हींत बसेल असं इंजिन फक्त या वीस किलोमीटरसाठी नव्याने आखून बनवावं लागेल. त्याऐवजी तिरुचिरापल्लीजवळच्या गोल्डन रॉक कारखान्यात गेल्या काही वर्षांत जुन्याच आराखड्याची नवी वाफेची इंजिनं बांधली गेली. त्यामुळे तुमच्या गाडीला लागलेलं इंजिन शंभर वर्षांचं असेल असं नाही. आराखडा मात्र शंभर वर्षांपूर्वीचाच.

९. उतरताना

बरेच जण गाडीने वर जातात आणि वेळ वाचवायला बसने खाली येतात. पण एका दिवसात दोन्हीकडचा प्रवास गाडीनेही होतो. दुपारी दोनच्या सुमारास उटीहून निघालेली गाडी संध्याकाळी मेट्टुपाळयमला पोहोचते. त्यासाठी आरक्षण खूप आधी करावं लागतं. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये दरडी कोसळून दातेरी टप्पा बंद पडण्याची शक्यता जास्त, तेव्हा ते महिने टाळलेले बरे.

उतरतानाचा प्रश्न चढतानाच्या नेमका उलटा आहे. सकाळी ३५० युनिट खर्चून कमावलेली उंची आता सावकाश, सांभाळून घालवायची. ती नुसत्या ब्रेकच्या ठोकळ्यांनी घालवायची म्हटलं तर ठोकळे तापून निकामी होतील. म्हणून चालक सिलिंडरचं काम उलटं करतो. वाफ बंद, दट्टे बाहेरची हवा आत ओढतात आणि दाबतात. दाबलेली हवा विरोध करते आणि गाडी रोखली जाते. तापलेले सिलिंडर थंड राहावेत म्हणून आत पाण्याचा फवारा सोडतात. ज्या यंत्राने सकाळी गाडी वर ढकलली, तेच आता तिला मागे रेटून धरतं.

आणि इंजिन? ते आताही खालच्या बाजूलाच, फक्त उतरताना ती बाजू गाडीच्या पुढची होते. सकाळी फोटो राहिला असेल तर दुपारी कुन्नूरला पुढच्या टोकाला जा, या वेळी इंजिन तिथेच सापडेल.